पायलटचा इंटरव्ह्यू आणि आपलं दुकान: ‘तुमचं कुठे चुकलं?’ याचं उत्तर कसं द्यायचं



तुम्हाला वाटेल, धंद्याचं शिकवता शिकवता भाऊ आज विमानात कुठे चढले? सांगतो. आधी दुकानातली गोष्ट ऐका.

माझं बॅगांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या सीझनला दर्यापूरकडचे एक काका मुलाला घेऊन आले. म्हणाले, “भाऊ, चांगली ट्रॉली बॅग दाखवा. पोराले बाहेरदेशी जायचं हाय, इंटरव्ह्यूले.” पोरगा भारतातल्या एका विमान कंपनीत को-पायलट आहे. आखाती देशातल्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. बॅग पॅक करता करता मी सहज विचारलं, “काय विचारतात रे तिथे? विमान कसं उडवता, हेच ना?”

तो म्हणाला, “ते तर विचारतातच दादा. पण मागच्या वेळी एका कंपनीत मी अडकलो तो वेगळ्याच प्रश्नावर. ‘तुमचं आणि कॅप्टनचं कधी पटलं नाही, असा प्रसंग सांगा.’ मी म्हटलं, असं कधी झालंच नाही. तिथेच गेलो मी.”

मी बॅग बाजूला ठेवली. कारण अगदी ह्याच प्रकारच्या उत्तरापायी माझी स्वतःची कर्जाची फाइल एकदा परत आली होती. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी पायलटचा इंटरव्ह्यू समजून घेऊ, कारण त्यातून दुकानदाराला शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

अमरावतीत हा विषय आत्ताच का?

१६ एप्रिल २०२५ ला आपल्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्याला एअर इंडियाने पायलट प्रशिक्षण संस्था उभारायचं जाहीर केलं. वर्षाला १८० पायलट तयार करायचे आणि त्यासाठी ३४ प्रशिक्षण विमानं आणायची, अशी ती योजना. तेव्हापासून आपल्या भागात बारावी सायन्सच्या पोरापोरींच्या घरी ही चर्चा सुरू झाली आहे. काही घरांत तर शेत विकायचं की तारण ठेवायचं, इथपर्यंत गोष्ट गेली आहे.

पायलट होणं ही मोठी गुंतवणूक आहे. लायसन्सपर्यंतचा खर्च पन्नास लाखांच्या घरात सहज जातो. त्यावर एका ठरावीक प्रकारचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग. त्याचेही बरेच लाख. म्हणून मी ह्याला नोकरी म्हणून नाही, धंदा म्हणून बघतो. भांडवल लावलं, तर परतावा कधी आणि कसा येणार, हे आधी कळलं पाहिजे.

शिडी कशी आहे, ते आधी पाहा

पुष्कळ पालकांचा समज असा, की लायसन्स हातात आलं की पोरगा थेट दुबईला. तसं नसतं.

पहिली पायरी: बारावीला फिजिक्स आणि गणित, डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचं उड्डाण. वय १८ पूर्ण. मग मिळतं कमर्शियल पायलट लायसन्स.

दुसरी पायरी: टाइप रेटिंग आणि देशातल्या कंपनीत को-पायलटची नोकरी. ही मिळेपर्यंत काहींना वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं. त्या काळात हप्ता कोण भरणार, हे आधी ठरवा.

तिसरी पायरी: १५०० तास आणि वय २१ पूर्ण झाल्यावर वरचं लायसन्स, त्याला एटीपीएल म्हणतात. परदेशी मोठ्या कंपन्यांना बहुतेक वेळा इथून पुढचा माणूस लागतो. मोठ्या जेट विमानावरचे तास त्या मोजून घेतात.

शिवाय आपलं लायसन्स भारताचं. दुसऱ्या देशाच्या कंपनीत उडवायचं तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे ते मान्य करून घ्यावं लागतं. इंग्रजीचीही आंतरराष्ट्रीय पातळी ठरलेली आहे. १ ते ६ अशा पातळ्या, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान ४ लागते. चौथी पातळी असली की ठरावीक वर्षांनी परत परीक्षा. म्हणजे फाडफाड इंग्रजी लागतं असं नाही. स्पष्ट बोलता आलं पाहिजे आणि समोरच्याचं नीट समजलं पाहिजे. आपल्या वऱ्हाडी उच्चाराची लाज बाळगायचं काही कारण नाही.

इंटरव्ह्यूत काय काय होतं?

कंपनीप्रमाणे क्रम बदलतो, पण टप्पे साधारण हेच:

१. कागदपत्रं. लायसन्स, वैद्यकीय प्रमाणपत्र, लॉगबुक. लॉगबुक म्हणजे पायलटची खतावणी. कोणत्या दिवशी, कोणत्या विमानात, किती तास, सगळी नोंद. त्यात एक तासही वाढवून लिहिला आणि तो पकडला गेला, तर करिअर संपलं. २०११ साली आपल्या देशात खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स घेतल्याची प्रकरणं उघड झाली, पायलटांना अटकही झाली. कंपन्या डीजीसीएकडून लायसन्सची खात्री करून घेतात.

२. कॉम्प्युटरवरच्या चाचण्या. आकडेमोड, लक्ष, हात-डोळ्याचा मेळ, स्वभाव.

३. गटात काम. चार-सहा उमेदवारांना एक कोडं देतात. उत्तर बरोबर येतं का, हे दुय्यम. तुम्ही दुसऱ्याचं ऐकता का, गप्प बसलेल्याला बोलतं करता का, वेळेकडे लक्ष ठेवता का, हे परीक्षक बघतात.

४. पॅनलसमोर मुलाखत. एक जण एचआरचा, एक अनुभवी कॅप्टन. तांत्रिक प्रश्न असतातच. पण ‘असा प्रसंग सांगा, जेव्हा...’ ह्या धर्तीचे प्रश्न खरे कस पाहणारे.

५. सिम्युलेटर. विमानाच्या खोट्या कॉकपिटमध्ये बसवतात, इंजिन बंद पाडतात. तिथेही नुसता हात बघत नाहीत. शेजारच्या पायलटशी तुम्ही कसं बोलता, ते बघतात.

६. शेवटी वैद्यकीय तपासणी आणि मग ऑफर.

आता लक्षात घ्या. सहापैकी तीन टप्प्यांत ‘तुला किती येतं’ यापेक्षा ‘तू वागतोस कसा’ हे तपासतात. काऊन? त्याला कारण आहे.

एका चाकापायी पेट्रोल विसरले

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान पोर्टलंडला उतरायला आलं. चाकं खाली करताना मोठा आवाज आला, चाकं नीट लागली की नाही याची शंका आली. कॅप्टन अनुभवी माणूस. त्याने विमान हवेतच फिरवत ठेवलं आणि चाकाचा विचार करत बसला. जवळपास तासभर. तोवर इंधन संपत चाललं होतं. शेजारच्यांना ते दिसत होतं. ते बोललेही, पण आडून आडून. ‘साहेब, आत्ता उतरलं पाहिजे’ असं कोणी ठणकावून म्हटलं नाही. इंजिनं बंद पडली आणि विमान शहराच्या वस्तीत पडलं. १८९ जणांपैकी १० जण गेले.

विमान चालवायला कोणाला येत नव्हतं का? सगळ्यांना येत होतं. कमी पडलं ते बोलणं आणि ऐकणं. त्याच्या आदल्या वर्षी, २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली होती. तिथेही धुकं होतं आणि संवादातला घोळ होता. अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने परिषद घेतली. १९८१ मध्ये युनायटेडनेच आपल्या पायलटांना टीमने काम करायचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. आज जगभर ते सक्तीचं आहे.

म्हणून पॅनल विचारतं, ‘कॅप्टनशी कधी पटलं नाही का?’ त्यांना भांडखोर माणूस नको असतो. पण मान हलवणाराही नको असतो. ‘असं कधी झालंच नाही’ हे उत्तर ऐकलं, की ते दोनच अर्थ काढतात: एक तर हा लपवतो आहे, नाही तर ह्याला बोलता येत नाही. दोन्ही माणसं कॉकपिटमध्ये धोक्याची.

काउंटरवरचा सराव

त्या पोराला मी म्हटलं, “रात्री दुकान बंद झाल्यावर ये. मी पॅनल होतो, तू उत्तर दे.” मला विमानातलं काही कळत नाही. पण उत्तर खरं वाटतं की पाठ केलेलं, हे गिऱ्हाईक पाहून पाहून कळतं.

पहिल्या दिवशी त्याने लांबलचक भाषण ठोकलं. टीमवर्क, नेतृत्व, सुरक्षितता. सगळे मोठे शब्द आणि त्यात एकही प्रसंग नाही. मी म्हटलं, “बाप्पा, हे तर कोणीही सांगेल. तुझ्यासोबत काय घडलं, ते सांग.”

मग आम्ही उत्तराचे पाच तुकडे पाडले. परिस्थिती काय होती? तुझी जबाबदारी काय होती? तू काय केलं? निकाल काय लागला? आणि तू काय शिकला? पहिले चार तुकडे इंटरव्ह्यूच्या शिकवणीत सगळीकडे शिकवतात. पाचवा आपण जोडायचा.

तिसऱ्या दिवशी त्याला खरा प्रसंग आठवला. पावसाळ्यातलं एक उड्डाण. निघण्याआधी इंधन किती घ्यायचं हे ठरत होतं. पोचायच्या वेळेला तिथे वादळी पावसाचा अंदाज होता. कॅप्टनला नियमाप्रमाणे आहे तेवढं इंधन पुरेसं वाटत होतं. हा म्हणाला, “सर, पोचायच्या वेळेचा अंदाज परत एकदा बघू का? आपल्याला हवेत थांबावं लागलं तर हातात मिनिटं कमी राहतील.” कॅप्टनने कागद पाहिला आणि थोडं इंधन वाढवलं.

“मग काय झालं?”

“काहीच नाही झालं दादा. ढग बाजूने गेले. पहिल्याच वेळेत उतरलो. जास्तीचं इंधन तसंच राहिलं.”

तो जरा ओशाळला होता. त्याला वाटलं, गोष्टीत दम नाही. मी मुद्दाम पॅनलचा प्रश्न टाकला, “म्हणजे तुझं चुकलं, नाही का? कंपनीचं जास्तीचं वजन उगाच वाहून नेलं.”

तो थोडा थांबला. मग म्हणाला, “नाही. निघताना जेवढी माहिती होती, त्यावर तो निर्णय बरोबर होता. ढग कुठे जाणार, हे नंतर कळलं. पण एक चुकलं. मी ते उशिरा बोललो. मनात आधीच आलं होतं, पण मोठा माणूस आहे म्हणून पाच मिनिटं गप्प बसलो. आता मी मनात आलं की लगेच विचारतो.”

मी म्हटलं, “हेच सांग. ह्यात एक शब्द वाढवू नको.”

बघा, ह्या उत्तरात हिरोगिरी नाही. कॅप्टनला कमी दाखवलेलं नाही. स्वतःची चूक आहे, आणि ती सुधारल्याची खूण आहे. असं उत्तर पाठ करून येत नाही. ते घडलेलं असावं लागतं आणि आठवावं लागतं.

आता माझी फाइल

मी बीबीए केलं तेव्हा इंटरव्ह्यूच्या प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. ‘तुमचा दोष काय?’ तर म्हणायचं, ‘मी फार मेहनत करतो.’ हसू नका, आजही पोट्टे हेच सांगतात.

दुकान वाढवायला मी एका बँकेत गेलो. मॅनेजरने माझे कागद पाहिले आणि विचारलं, “मागच्या वर्षी जून-जुलैची विक्री एवढी कशी पडली?” मी म्हटलं, “साहेब, मार्केटच डाऊन होतं.” ते काही बोलले नाहीत. फाइल परत आली.

खरं काय होतं? मी मे महिन्यात शाळेच्या ३०० बॅगा उचलल्या होत्या, स्वस्त मिळाल्या म्हणून. त्यावरचं कार्टून आदल्या वर्षीचं होतं. लेकरांनी बघितलंही नाही. ११० बॅगा अंगावर पडल्या आणि चालणारा माल भरायला हातात पैसा उरला नाही. मार्केट डाऊन नव्हतं, माझी खरेदी चुकली होती. आणि मॅनेजरला ते कळत होतं, कारण त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानदारांचे आकडेही त्यांच्यासमोर होते.

वर्षभराने मी दुसऱ्यांदा गेलो. ह्या वेळी वही घेऊन गेलो. सांगितलं, “इतक्या बॅगा घेतल्या, इतक्या पडून राहिल्या, इतका तोटा झाला. आता मी आधी ४० नगांचा नमुना माल घेतो, पंधरा दिवस विक्री बघतो, मगच मोठी ऑर्डर देतो. ह्या वर्षीचे आकडे हे असे.” मॅनेजरने वही दहा मिनिटं चाळली. कर्ज मंजूर झालं. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, पण झालं.

पायलटच्या पॅनलसमोर आणि बँकेच्या टेबलासमोर गोष्ट एकच आहे. समोरचा माणूस आपली मोठी वस्तू तुमच्या हाती देणार आहे. त्याला माहीत आहे, की तुमच्याकडून चूक होणारच. त्याला एवढंच बघायचं असतं, की चूक झाल्यावर तुम्ही ती लपवाल की सांगाल.

तुमच्या धंद्यात हे कुठे लागेल?

कर्ज मागताना: तोट्याचा महिना मॅनेजरने शोधायच्या आधी तुम्हीच दाखवा. कारण आणि उपाय, दोन्ही आकड्यांत.

डीलरशिप मागताना: ‘मी जिल्हा काढून देतो’ असं म्हणू नका. कोणता माल तुमच्याकडे चालला नाही आणि का, ते सांगा. कंपनीच्या माणसाला अशा माणसावर भरवसा वाटतो.

नोकर ठेवताना: ‘काम येतं का?’ विचारलं तर सगळे ‘हाव’ म्हणतात. त्याऐवजी विचारा, “मागच्या दुकानात गिऱ्हाईक भडकलं असं कधी झालं? मग तू काय केलं?” किंवा “मालक चुकीचं सांगत होता असं कधी वाटलं? मग बोलला का?” आणि ज्याने तुम्हाला तोंडावर खरं सांगितलं, त्याला ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच कारणावरून झापू नका. नाही तर तोही गप्प बसायला शिकेल, आणि मग तुमचं पेट्रोल कधी संपलं, हे तुम्हाला कळणार नाही.

पालकांसाठी: सही करण्याआधी

ज्यांच्या घरी खरंच पायलटचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, परदेशी कंपनीचा अर्ज तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच करा. इंटरव्ह्यूसाठी, ‘सीट पक्की’ करण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. मध्ये एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का, ते बघा.

दोन, भारतातली नोकरी सोडताना नोटीस लागते. डीजीसीएने २०१७ साली ठरवून दिलं, की कॅप्टनला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने. ऑफर आली आणि उद्या निघालो, असं होत नाही. टाइप रेटिंगचा बाँड असेल तर तो किती भरावा लागेल, तेही काढा.

तीन, पगाराचा आकडा एकटा बघू नका. यूएईत पगारावर आयकर नाही, हे खरं. पण घरभाडं, लेकरांची शाळा, विमा, सुट्टीत घरी यायचं तिकीट, हे कंपनी देते की तुम्ही, ते करारात वाचा. भारतात वर्षातले किती दिवस राहता, यावर इथला कर ठरतो. सीएला आधी विचारा.

चार, एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा करू नका. नोकरीही एकच गिऱ्हाईक आहे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा चांगले चांगले पायलट घरी बसले. कित्येकांनी मग परदेशाची वाट धरली. ज्यांच्या फाइल तयार होत्या, लॉगबुक नीट होतं, वैद्यकीय आणि इंग्रजीचं प्रमाणपत्र चालू होतं, त्यांना लवकर हालता आलं. ज्यांच्यावर मोठे हप्ते होते, त्यांना जड गेलं. म्हणून किमान सहा महिन्यांचा हप्ता बाजूला ठेवल्याशिवाय शेतावर कर्ज काढू नका. हे मी पायलटलाही सांगतो आणि किराणा टाकणाऱ्यालाही.

ह्या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. त्यात स्वतःचे पाच प्रसंग लिहा: माझी चूक झाली तो. मोठ्या माणसाला मी ‘थांबा’ म्हटलं तो. कोणीतरी मला ‘थांब’ म्हटलं आणि मी ऐकलं तो. पैसा अडकला तो. आणि निर्णय बरोबर असूनही निकाल वेगळा लागला तो. प्रत्येकाचे पाच तुकडे पाडा. मग घरातल्या कोणासमोर तरी दोन मिनिटांत सांगून बघा. तिसऱ्या मिनिटाला गेलात, तर कापा.

त्या पोराचा इंटरव्ह्यू झाला. निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. काका परवा दुकानात आले होते. मी विचारलं, “कसा झाला म्हणे?” ते म्हणाले, “पोरगा म्हणे, त्यानं ते पाच मिनिटं गप्प बसल्याचं सांगून टाकलं. मी म्हटलं, कायले सांगितलं रे बाबा? तं म्हणे, बाबा, त्यावरच तर ते सगळ्यात जास्त वेळ बोलले.”

वही भरा, आणि पुढच्या व्हिडिओत भेटू. तोपर्यंत गल्ला सांभाळा, हिशोब खरा ठेवा.